नवा कॉम्प्युटर, तरी प्रोग्राम हँग का होतो? देवळ्यातल्या एका अभ्यासिकेने शोधलेलं उत्तर

देवळ्यात विहाराशेजारच्या आमच्या अभ्यासिकेत नवा कॉम्प्युटर आला तो वर्गणीतून. कुणी पन्नास रुपये दिले, कुणी पाचशे. कांद्याचे पैसे हाती आले की देतो म्हणणाऱ्यांनीही शब्द पाळला. जुन्या मशीनवर विंडोज १० होतं आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला. आपल्या धम्मदीक्षेचाच दिनांक, म्हणून तो सगळ्यांच्या लक्षात राहिला. त्यानंतर नवं मशीन घ्यायचं ठरलं. शिष्यवृत्तीचे फॉर्म, स्पर्धा परीक्षांचे अर्ज आणि भीमजयंतीची स्मरणिका ही त्याची मुख्य कामं.

स्मरणिकेत आम्हाला वस्तीतल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी छापायच्या होत्या. धम्मदीक्षेनंतर घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले, तो दिवस लहानपणी डोळ्यांनी पाहिलेली एक आजी आहे. वय ऐंशीच्या पुढे. ती अहिराणीत सांगत होती आणि आमची एक ताई पानमांडणीच्या, म्हणजे डीटीपीच्या प्रोग्राममध्ये थेट टाइप करत होती. अडीच तास झाले. ताईने फॉन्ट बदलायला यादी उघडली आणि स्क्रीन पांढरट झाली. वर शब्द आले, ‘नॉट रिस्पॉन्डिंग’. प्रोग्राम बंद करावा लागला. फाइल सेव्ह केलेली नव्हती, मोबाइलवर रेकॉर्डिंगही केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आजीने पुन्हा सांगितलं, पण अर्ध्या तासात आटोपलं. “काल सांगितलं ना बाई,” एवढंच म्हणाली.

त्यानंतर तो प्रोग्राम रोज हँग होऊ लागला. कुणी म्हणालं मशीनच खराब निघालं. कुणी म्हणालं मार्च महिना, पत्र्याचं छत, उष्णतेने होतं. कुणी विजेच्या कमी-जास्त दाबाला दोष दिला. एका काकांनी सरळ सांगितलं, “सगळं पुसून पुन्हा टाका.” प्रत्येकाकडे उत्तर होतं, पण कुणीही तपासून पाहिलेलं नव्हतं. बुद्धांनी कालामांना दिलेला उपदेश आपण विहारात अनेकदा ऐकतो: ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आलं म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. तो आम्ही या वेळी कॉम्प्युटरला लावून पाहिला. त्यातून जे कळलं ते इतर गावांतल्या अभ्यासिकांच्या कामी यावं म्हणून हा लेख.

दुरुस्तीच्या आधी काम वाचवा

प्रोग्राम हँग होतो हे कळल्यावर पहिलं काम दुरुस्तीचं नाही. आधी आजवरच्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर आणि आणखी एका ठिकाणी काढून ठेवा. दर काही मिनिटांनी कंट्रोल आणि एस दाबायची सवय लावा. बहुतेक प्रोग्राममध्ये ‘ऑटोसेव्ह’ किंवा ‘ऑटो रिकव्हरी’ असते. तिचा कालावधी दहा मिनिटं असेल तर तो दोन-तीन मिनिटांवर आणा.

आणखी एक नियम आम्ही केला. मजकूर आधी साध्या लेखनाच्या प्रोग्राममध्ये टाइप करायचा, पानमांडणी नंतर. आणि कुणाची मुलाखत घ्यायची असेल तर मोबाइलचं रेकॉर्डिंग आधी सुरू करायचं. कॉम्प्युटर दुरुस्त होतो, पण आजी तेच तसंच पुन्हा सांगत नाही.

काय अडकलंय, ते आधी ओळखा

‘हँग झालं’ हे आपण दोन वेगळ्या गोष्टींना म्हणतो.

पहिली: एकच प्रोग्राम अडकतो. माउस हलतो, कोपऱ्यातलं घड्याळ चालतं, दुसऱ्या खिडक्या उघडतात. इथे संशय त्या प्रोग्रामवर, त्याच्या फाइलवर किंवा तो ज्या गोष्टींवर अवलंबून आहे त्यांवर घ्यावा.

दुसरी: सगळा कॉम्प्युटरच गोठतो. माउस हलत नाही, कॅप्स लॉकचा दिवाही लागत-विझत नाही. इथे ड्रायव्हर, रॅम, डिस्क, उष्णता किंवा वीज यांच्याकडे पाहावं लागतं.

‘नॉट रिस्पॉन्डिंग’ या शब्दांना घाबरून लगेच बंद करू नका. एखादी खिडकी साधारण पाच सेकंद आपल्या क्लिकला उत्तर देत नसली की विंडोज ते शब्द दाखवतं. प्रोग्राम मेला असा त्याचा अर्थ नाही, तो मोठ्या कामात गुंतलेला असू शकतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. त्या प्रोग्रामसमोरचे सीपीयू आणि डिस्कचे आकडे हलत असतील तर पाच मिनिटं थांबा. आकडे बराच वेळ शून्यावर असतील तर तो कशाची तरी वाट पाहत अडकलाय. कधी त्याचा एखादा प्रश्न विचारणारा चौकोन दुसऱ्या खिडकीमागे लपलेला असतो, कधी तो बंद असलेल्या प्रिंटरकडून उत्तराची वाट पाहत असतो. आणि सीपीयूचा आकडा सतत चढलेलाच राहिला, पण दहा-पंधरा मिनिटांतही काही घडलं नाही, तर तो एकाच जागी गरगर फिरतोय असं समजावं.

एक वही आणि चार रकाने

आम्ही शंभर पानी वही घेतली आणि चार रकाने आखले: वेळ, कोणती फाइल, नेमकं काय करत होतो, बाजूला आणखी काय चालू होतं. मशीनवर बसणाऱ्या प्रत्येकाने लिहायचं, मग तो सातवीतला मुलगा असो की पदवीधर. विंडोजचीही स्वतःची वही असते. सर्चमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप केलं की रिलायबिलिटी मॉनिटर सापडतो. कोणत्या दिवशी कोणता प्रोग्राम अडकला हे तिथे लाल फुलीने दिसतं.

आठ दिवसांनी वही वाचली तेव्हा निम्म्या लोकांचं म्हणणं तिथेच गळून पडलं. प्रोग्राम भर दुपारी अडकत होता तसाच सकाळी सातलाही अडकत होता, म्हणजे उष्णता नाही. मोटारी चालू असताना आणि बंद असताना सारखंच घडत होतं, म्हणजे विजेचा दाब नाही. अडकायचा तो एकच प्रोग्राम आणि तोही बहुतेक वेळा दोनच प्रसंगी: फॉन्टची यादी उघडताना किंवा जुन्या मशीनवरून आणलेली फाइल उघडताना.

नव्या मशीनवर हे आधी तपासा

प्रत्येक ठिकाणी कारण वेगळं असू शकतं. म्हणून आम्ही ज्या क्रमाने तपासलं तो क्रम देतो. सोपं आणि बिनखर्चाचं आधी, मोडतोड करणारं शेवटी.

१. पहिले दोन-तीन दिवस. नवं मशीन सुरुवातीला मागच्या बाजूला बरंच काम करत असतं: अपडेट उतरवणं, फाइलींची सूची बनवणं, व्हायरस तपासणी. ते पूर्ण होऊ द्या, रिस्टार्ट करा, मग निष्कर्ष काढा.

२. दोन अँटिव्हायरस. विंडोजमध्ये डिफेंडर आधीपासून असतो. त्यावर दुकानातून आणखी एखादा चाचणी मुदतीचा अँटिव्हायरस आलेला असेल तर दोघांची ओढाताण होऊ शकते. एकच ठेवा.

३. रॅम. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम लागते. पण ‘किमान’ म्हणजे मशीन सुरू होण्यापुरती. ब्राउझरच्या दहा खिडक्या आणि पानमांडणीचा प्रोग्राम एकत्र चालवला की ती भरते. मग विंडोज डिस्कचा तात्पुरता उपयोग करतं आणि सगळं रांगायला लागतं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी सतत नव्वद टक्क्यांच्या वर दिसत असेल तर रॅम वाढवणं हाच उपाय.

४. प्रिंटर. लेखनाचे आणि पानमांडणीचे अनेक प्रोग्राम सुरू होताना डीफॉल्ट प्रिंटरकडे चौकशी करतात. तो प्रिंटर बंद किंवा नेटवर्कवर नसला की वाट पाहत बसतात. तात्पुरता ‘प्रिंट टू पीडीएफ’ हा डीफॉल्ट करून पाहा.

५. ग्राफिक्स. प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये ‘हार्डवेअर ॲक्सिलरेशन’ असेल तर बंद करून पाहा. त्याने हँग होणं थांबलं तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून अद्ययावत करा.

६. फाइल. कोरी नवी फाइल उघडा आणि त्यात काम करा. कोऱ्या फाइलमध्ये त्रास नसेल तर जुन्या फाइलमध्ये, तिच्यातल्या चित्रांत किंवा फॉन्टमध्ये खोट आहे.

७. विंडोजच्या फाइली. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘सिस्टिम फाइल चेकर’ चालवता येतो. बिघडलेल्या फाइली तो शोधतो आणि शक्य तिथे दुरुस्त करतो.

८. संपूर्ण मशीन गोठत असेल तर ‘विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक’ने रॅम आणि डिस्क तपासणीने डिस्क पाहा. खोट निघाली तर स्वतः मशीन उघडू नका. वॉरंटी असते. जीएसटीचं पक्कं बिल जपून ठेवा आणि वहीतली नोंद सोबत घेऊन दुकानात जा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

या सगळ्यात एकच पथ्य आहे: एका वेळी एकच गोष्ट बदला. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि प्रोग्राम सुरू झाला, तर कशामुळे झाला हे कळत नाही. मग पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडावं लागतं. अमुक असेल तर तमुक घडतं आणि अमुक काढलं की तमुक थांबतं, ही कार्यकारणाची साधी कसोटी आहे. पटिच्चसमुप्पादाचा अर्थ याहून फार खोल आहे. पण कारणाशिवाय काही घडत नाही, एवढं पहिलं पाऊल इथेही उपयोगी पडलं.

अर्धे काढा, अर्धे ठेवा

वहीने फॉन्टकडे बोट दाखवलं होतं. जुन्या मशीनवरचा सगळा फॉन्टचा फोल्डर आम्ही नव्यावर उचलून टाकला होता. सहाशेच्या आसपास फॉन्ट होते. एकेक तपासायला आठवडा गेला असता.

त्यासाठी एक युक्ती आहे. बाहेरून आणलेले सगळे फॉन्ट एका वेगळ्या फोल्डरात काढा. विंडोजचे स्वतःचे फॉन्ट मात्र हलवू नका. मग बाहेरच्यांतले अर्धे परत टाका आणि प्रोग्राम चालवा. अडकला तर खोट या अर्ध्यात, नाहीतर उरलेल्या अर्ध्यात. ज्या अर्ध्यात खोट, त्याचे पुन्हा दोन भाग करा. सहाशे, तीनशे, दीडशे असं करत जास्तीत जास्त दहा फेऱ्यांत एका फॉन्टपर्यंत पोहोचता येतं. खराब फॉन्ट एकाहून जास्त असतील तर पहिला काढून हाच खेळ पुन्हा खेळायचा. कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रामांतला अपराधीही याच पद्धतीने सापडतो.

आम्हाला एका संध्याकाळी एक तुटकी फॉन्ट फाइल सापडली. शिवाय एकाच नावाच्या काही फॉन्टच्या दोन-दोन, तीन-तीन प्रती निघाल्या. फॉन्टची यादी दाखवताना प्रोग्राम प्रत्येक फाइल उघडून वाचतो. त्यात एखादी मोडकी निघाली की काही प्रोग्राम तिथेच अडून बसतात. ती फाइल आणि जादा प्रती काढल्या आणि त्रास बराच कमी झाला.

इतके फॉन्ट आले कुठून?

हा प्रश्न मराठीत छपाईचं काम करणाऱ्या प्रत्येकाचा आहे. युनिकोड या जागतिक पद्धतीत देवनागरीला १९९१ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून जागा आहे. पण त्याचा वापर सर्वत्र रुळायला बराच काळ गेला. तोवर मराठीचं डीटीपी वेगळ्याच युक्तीवर चाललं: कॉम्प्युटरच्या दृष्टीने अक्षरं इंग्रजीच, पण त्यांचे आकार देवनागरी काढलेले. म्हणून जुनी फाइल तोच फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. याच भीतीने प्रत्येक कार्यकर्ता, प्रत्येक झेरॉक्सवाला फॉन्टचं बोचकं एका मशीनवरून दुसऱ्यावर वाहत राहिला. त्या बोचक्यात तुटकी फाइल कधी शिरली ते कुणालाच सांगता येणार नाही.

नुकसान एवढंच नाही. जुन्या फॉन्टमधला मजकूर शोधता येत नाही आणि मोबाइलवर वाचता येत नाही. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत गावोगावी निघालेल्या जयंतीच्या स्मरणिका, सत्याग्रहांच्या आठवणी, विहारांच्या नोंदी अशा फाइलींत अडकून पडल्या आहेत. आपल्या नाशिक जिल्ह्याने २ मार्च १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह पाहिला आणि १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा ऐकली. त्यांच्या ज्या आठवणी घराघरांतून उतरवल्या गेल्या, त्या आजच्या मुलाला मोबाइलवर शोधून सापडायला हव्यात. त्यासाठी मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागेल. रूपांतर करणारी साधनं मोफत मिळतात, पण रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं यांत ती चुका करतात. म्हणून रूपांतरानंतर माणसाने डोळ्यांखालून घालणं आवश्यक आहे. आमच्याकडे निवृत्त शिक्षक असलेले एक काका हे काम आनंदाने करतात.

राहिलेलं कारण आणि दुसरं शील

फॉन्ट काढल्यावर त्रास कमी झाला, पण संपला नाही. मग डिफेंडरची नोंद उघडली, तेव्हा त्याने याच प्रोग्रामच्या काही फाइली धोकादायक ठरवून बाजूला टाकलेल्या दिसल्या. कारण सरळ होतं. मशीन घेताना “सगळं टाकून देतो” म्हणून जो प्रोग्राम आम्हाला मिळाला, तो विकत घेतलेला नव्हता. कुलूप तोडलेली, क्रॅक केलेली प्रत होती. परवाना तपासणारा भाग बदललेल्या प्रती असं अधूनमधून अडकतात. अँटिव्हायरस त्यांचे तुकडे काढून घेतो आणि प्रोग्राम नसलेल्या तुकड्याला हाका मारत बसतो.

यावर मिळणारा सल्ला सगळ्यांना ठाऊक आहे: “अँटिव्हायरस बंद करा, चालेल.” तो सल्ला आम्ही मानला नाही. याच मशीनवर मुलांचे जातीचे दाखले, आधार कार्ड, बँक पासबुकाच्या प्रती येतात. शिष्यवृत्तीचे पासवर्ड टाइप होतात. कुणी बदललाय हे माहीत नसलेला प्रोग्राम तिथे चालवायचा आणि वर राखणदाराला झोपवायचं, म्हणजे आईबापांनी आपल्यावर टाकलेला विश्वास उघड्यावर ठेवणं झालं.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड आहे, पण बोलली पाहिजे. दर पौर्णिमेला आपण पंचशील घेतो. जे दिलेलं नाही ते न घेण्याचं शील त्यात दुसरं आहे. क्रॅक प्रत ही न दिलेली वस्तूच आहे. “सगळेच वापरतात” हे त्याचं उत्तर होत नाही. गरिबाला महागडा प्रोग्राम परवडत नाही हेही खरं आहे. म्हणूनच जे खुल्या मनाने दिलेलं आहे ते आपण आधी शोधायला हवं.

आणि असं खूप काही दिलेलं आहे. लेखनासाठी लिबरऑफिस आहे, जे २०१० पासून जगभरातले लोक मिळून घडवत आहेत. पोस्टर आणि फलकांसाठी इंकस्केप आहे, फोटोंसाठी गिंप, पुस्तकाच्या पानांसाठी स्क्रायबस. स्क्रायबसची १.६ किंवा नंतरची आवृत्ती घ्या, कारण जुन्या १.४ मध्ये देवनागरी जोडाक्षरं नीट बसत नाहीत. मुक्त, बालू, नोटो सान्स देवनागरी हे युनिकोड फॉन्ट कायदेशीररीत्या मोफत आहेत. शिकायला थोडे दिवस जातात, बटणं वेगळ्या जागी असतात, छापखान्याशी आधी बोलून घ्यावं लागतं. आम्ही स्मरणिका पीडीएफ करून दिली आणि ती व्यवस्थित छापून आली.

क्रॅक प्रत आम्ही काढून टाकली, मशीनची पूर्ण व्हायरस तपासणी केली आणि त्यावर वापरलेले सगळे पासवर्ड बदलले. त्यानंतर वहीच्या ‘हँग’च्या रकान्यात नवी नोंद झालेली नाही. नवं मशीन खराब नव्हतं. आपणच त्यावर जुनं बोचकं आणि दुसऱ्याची वस्तू ठेवली होती.

किल्ली एकाच्याच हाती नको

प्रत्येक वस्तीत कॉम्प्युटरचं सगळं समजणारा एखादा दादा असतो. तो पुण्याला नोकरीला गेला की मशीनवर कपडा पडतो. आम्ही वही सुरू केली त्याचा सर्वांत मोठा फायदा इथे झाला. आठवीतल्या दोन मुली आज टास्क मॅनेजर उघडून कारण सांगतात आणि नव्या मुलांना शिकवतात.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ सुरू केलं, पुढे ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ चालवली. आपलं म्हणणं आपण लिहून छापलं नाही तर ते दुसरं कुणी छापणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. आज छापण्याचं साधन टेबलावर येऊन बसलंय. ते अडलं तर का अडलं, हे आपल्यालाच शोधता आलं पाहिजे.

आजीकडे आम्ही जयंतीनंतर तिसऱ्यांदा गेलो. या वेळी आधी रेकॉर्डिंग सुरू केलं. पहिल्या दिवशीचं सगळं आलं नाही, पण टोपली कुणी उचलली होती ते नाव तिला आठवलं. ते आता दोन ठिकाणी जपून ठेवलंय. तुमच्या वस्तीत अशी आजी, असे आजोबा असतील तर या रविवारीच त्यांच्याकडे जा. मशीन दुरुस्त व्हायची वाट पाहू नका.

नमो बुद्धाय, जय भीम.